खाणी बंद पडल्या तेव्हा कुडचड्यातला पैसा गेला कुठे?

कुडचडे हार्डवेअर

नमस्कार मंडळी. कुडचडे बाजारात माझं हार्डवेअरचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला 'पैसा आणि स्थानिक अर्थव्यवस्था' या विषयावर प्रकल्प करायचा आहे. तिने मला एक प्रश्न विचारला. मला उत्तर देता आलं नाही आणि तिच्या पुस्तकातही ते सापडलं नाही, म्हणून इथे टाकतो.

२०१२च्या सप्टेंबरात गोवा सरकारने लोहखनिजाच्या खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा बंदीचा आदेश आला. त्याआधी आमच्या बाजारात भल्या पहाटे शटर वर जायचं. खनिज वाहणाऱ्या ट्रकांचे मालक, म्हणजे टिपरवाले, ग्रीसचे डबे, यू-बोल्ट, ताडपत्री, दोरखंड न्यायला दारात उभे असायचे. त्यांच्याच घरांची कामं चालू असायची, म्हणजे सिमेंट, सळी, पत्रे, पाइप, आणि चतुर्थीच्या आधी रंग. गॅरेजवाला, टायरवाला, चहाचा गाडा, सोनार, सगळ्यांचं बरं चाललं होतं. खाणी बंद झाल्या आणि बघता बघता दुपारच्या वेळी दुकानात मी आणि कामाचा मुलगा एवढेच उरलो.

आता मुलीचा प्रश्न. नोटा कोणी जाळल्या नाहीत. माणसं तीच, घरं तीच, बँकांच्या शाखाही जागच्या जागी. खनिजाची विक्री थांबली म्हणून नवा पैसा यायचा थांबला, हे कळतं. पण आधी जो फिरत होता तो? तो कुठेतरी असायला हवा ना? बाजारात विचारलं तर कोणी म्हणतं मोठ्यांनी बाहेर नेला, कोणी म्हणतं लोकांनी घरात दाबून ठेवला. पुस्तकात पैशाची कार्यं दिली आहेत: विनिमयाचं माध्यम, मूल्यमापन, मूल्यसंचय, विलंबित देणी. पैसा जन्मतो कुठे आणि संपतो कुठे, ते मात्र नाही.

जाणकारांनी जरूर लिहावं. प्रकल्प तर आहेच, पण शेजारची दुकानं एकामागोमाग बंद होताना मी डोळ्यांनी पाहिली आहेत. ते का झालं हे मलाही समजून घ्यायचं आहे.

साखळीकर

पैसा नाहीसा होत नसतो, एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो. रिझर्व्ह बँक छापते तेवढा पैसा देशात असतो. आपण बँकेत ठेवतो, बँक त्यातला थोडा राखून बाकीचा दुसऱ्याला कर्जाऊ देते. मुलीला फिशरचं समीकरण दाखवा: पैशाचं प्रमाण गुणिले त्याचा फिरण्याचा वेग बरोबर किंमत गुणिले व्यवहार. कुडचड्यात प्रमाण तेच राहिलं, वेग पडला. लोक घाबरले, हात आखडता घेतला. पूर्वी एक नोट आठवड्यात पाच हातांतून जायची, ती एका हातात अडकली. डिचोलीतही आम्ही हेच बघितलं.

फोंड्याचे भाई

कुडचडेकर बाब, तुमच्या मुलीने प्रश्न अचूक जागी विचारला आहे. माझ्या नोकरीची शेवटची वर्षं केपे-सांग्याच्या बाजूच्या शाखांत, कर्ज विभागात गेली. टिपरच्या कर्जांचे कागद माझ्या टेबलावरून जायचे. म्हणून जे पाहिलं त्यावरून सविस्तर लिहितो.

टिपरचं कर्ज कसं उभं राहायचं ते आधी बघू. मालक डीलरचं कोटेशन आणायचा, दोन जामीनदार आणायचा, आपला हिस्सा भरायचा. आम्ही त्याच्या ट्रिपांचा हिशोब बघायचो, टिपर बँकेकडे तारण लिहून घ्यायचो, आरटीओच्या पुस्तकात तशी नोंद व्हायची. मंजुरी झाली की संगणकावर दोन नोंदी पडत. समजा बारा लाखांचं कर्ज. मालकाच्या कर्जखात्याला बारा लाख नावे, डीलरच्या चालू खात्याला बारा लाख जमा. झालं. त्या दिवशी शाखेतल्या एकाही ठेवीदाराच्या पासबुकातून एक पैसा कमी झाला नाही. पारोडच्या आजीची मुदतठेव होती तिथेच होती, तारवटीच्या, म्हणजे जहाजावर नोकरी करणाऱ्याच्या, बायकोचं बचत खातं होतं तसंच होतं. आणि डीलरच्या खात्यात बारा लाख रुपये असे आले, जे सकाळपर्यंत देशात कुठेच नव्हते. त्यातून त्याने कंपनीचं बिल भागवलं, बॉडी बांधणाऱ्याला दिले, पगार केले. बॉडीवाल्याच्या वेल्डरने तुमच्याकडून पत्रा नेला.

साखळीकरांनी लिहिलं ते आम्हालाही कॉलेजात तसंच शिकवलं होतं, की आधी ठेव आणि मग तिच्यातून कर्ज. टेबलाच्या या बाजूला बसल्यावर क्रम उलटा दिसतो: आधी कर्ज, त्यातून ठेव. हे माझं एकट्याचं मत नव्हे. बँक ऑफ इंग्लंडने २०१४ साली आपल्या त्रैमासिकात हे उघड मांडलं. मिचेल-इन्स नावाच्या ब्रिटिश मुत्सद्द्याने १९१३ आणि १९१४ मध्ये दोन लेख लिहून सांगितलं होतं की पैसा म्हणजे मुळात देणं-घेणंच आहे, धातू ही त्याची फक्त खूण. भारतात आज एकूण पैशात रोख नोटा-नाणी साधारण सातवा हिस्सा धरा. उरलेल्या बँकांतल्या ठेवी, आणि त्यांतल्या बहुतेक कोणाच्या तरी कर्जातून जन्मलेल्या.

डीलरचं खातं दुसऱ्या बँकेत असेल तर आमच्या बँकेला रिझर्व्ह बँकेतल्या आपल्या शिलकेतून त्या बँकेला भरपाई करावी लागते. त्यामुळे कोणतीही बँक एकटीच मन मानेल तशी पुढे पळू शकत नाही. पण सगळ्याच बँका एका वेळी कर्ज देत असतील तर ही येणी-जाणी बरीचशी आपसात फिटतात. चीनची मागणी जोरात होती तेव्हा आपल्या भागात तेच चाललं होतं.

आता पैसा संपतो कुठे, ते बघा. मालक महिन्याचा हप्ता भरतो. त्याच्या बचत खात्यातून रक्कम जाते आणि तेवढीच मुद्दल कर्जखात्यातून कमी होते. ठेव घटली, कर्जही घटलं. व्याजाचा भाग बँकेची कमाई, त्यातून आमचे पगार आणि ठेवीदारांचं व्याज जातं, म्हणजे तो पुन्हा फिरतो. मुद्दलीचा भाग मात्र कोणाच्याच खिशात जात नाही. तो पुसला जातो. साखळीकर, पैसा नाहीसा होतो तो असा. रोज होतो, देशातल्या प्रत्येक शाखेत होतो.

चांगल्या दिवसांत हे कोणाला जाणवत नाही, कारण जुनी मुद्दल पुसली जात असताना शेजारच्या टेबलावर नवं कर्ज मंजूर होत असतं. २०१२च्या ऑक्टोबरनंतर काय झालं? टिपरसाठी नवा अर्ज येणं थांबलं, आणि आला असता तरी कोणी मंजूर केला नसता. हप्ते मात्र चालूच. ट्रिपांचे पैसे येत नव्हते म्हणून लोकांनी बचत मोडून हप्ते भरले, मुदतठेवी मुदतीआधी मोडल्या, बायकोच्या बांगड्या विकल्या. आमच्या काउंटरवर एक मालक आला होता. मुलाच्या शिक्षणासाठी ठेवलेली पावती टेबलावर ठेवली आणि म्हणाला, तीन महिन्यांचे भरून घ्या, तोवर खाणी सुरू होतील. मी भरून घेतले. नियमाप्रमाणे दुसरं काही करता येत नव्हतं. त्या पावतीतले पैसे एरवी कधी ना कधी कुडचड्याच्या बाजारात आले असते. त्यातला मुद्दलीचा भाग त्या दिवशी पुसला गेला.

म्हणजे तुमच्या बाजाराचा पैसा दोन्ही बाजूंनी आटला. खनिजाचे पैसे यायचे थांबले, ही एक बाजू. चीनचा खरेदीदार डॉलर द्यायचा, निर्यातदाराची बँक त्याच्या खात्यात रुपये जमा करायची, त्यातून बार्ज, जेटी, टिपर असे ते खाली यायचे. दुसरी बाजू हप्त्यांची, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. आधी जो पैसा होता तो 'कुठेतरी' असायला हवा, असं मुलीला वाटतं. त्यातला बराचसा आता कुठेच नाही.

ज्यांनी हप्ते भरलेच नाहीत, त्यांचं गणित वेगळं. कर्ज बुडालं तर त्यातून जन्मलेली ठेव बाजारात राहते, नुकसान बँकेच्या भांडवलाला लागतं, आणि मग ती बँक पुढची कर्जं देताना हात आखडते. साखळीकर म्हणतात तो 'वेग' पडला हेही खरंच, ते मी नाकारत नाही. पण प्रमाण तेच राहिलं हे खरं नाही. प्रमाणही घटलं.

२०१४च्या एप्रिलमध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून न्यायालयाने वाट मोकळी केली, काम हळूहळू सुरू झालं. लोकांनी पुन्हा टिपर दुरुस्त केले, काहींनी त्यासाठी पुन्हा कर्ज काढलं. आणि २०१८च्या फेब्रुवारीत खाणींच्या ८८ लीज, म्हणजे भाडेपट्टे, रद्द झाल्या, १६ मार्चपासून काम बंद. हा दुसरा फटका पहिल्यापेक्षा जास्त लागला असं मला वाटतं, कारण या वेळी मोडायला पावत्या उरल्या नव्हत्या.

म्हापशाचा पसरो

भाईंचं वाचून २०१६ आठवलं. आमचं म्हापशात कडधान्य-मसाल्याचं दुकान. नोटाबंदी मंगळवारी रात्री जाहीर झाली आणि शुक्रवारी आठवड्याचा बाजार. देशातल्या नोटांपैकी मूल्याने ८६ टक्के एका रात्रीत बाद. मला वाटलं होतं बाजार भरणारच नाही.

भरला. उदारीवर भरला. ओळखीच्या गिऱ्हाइकांना मी वहीवर माल दिला. बेळगावच्या व्यापाऱ्याने मला फोनवर सांगितलं, माल पाठवतो, पैशांचं मागाहून बघू. आणि एक गोष्ट घडली ती इथे सांगण्यासारखी आहे. शिवोलीची एक भाजीवाली कोपऱ्यावरच्या चहावाल्याला रोज मिरची-कोथिंबीर देते. त्याच्याकडे सुटे नव्हते, म्हणून त्याने सिगारेटच्या पाकिटाच्या मागे 'दोनशे देणे' लिहून सही करून दिली. तिने ती चिठ्ठी आणून मला दिली आणि दोनशेची तूरडाळ आणि कांदे नेले. मी घेतली, कारण दुकानातल्या चहाचं महिन्याचं बिल मला त्याच चहावाल्याला द्यायचं होतं. महिनाअखेरीला मी त्याच्यासमोर चिठ्ठी फाडली आणि उरलेले पैसे दिले.

तेव्हा वेळ निभावली एवढंच वाटलं. भाईंनी लिहिलेलं वाचून कळलं की ती चिठ्ठी म्हणजे पैसाच होता. चहावाल्याने केला, तीन हातांतून गेला आणि मी फाडला तेव्हा संपला. पण दुकानात पर्यटक आला तर त्याला मी वहीवर काही देऊ शकत नव्हतो, आणि माझी चिठ्ठी कळंगुटला कोणी घेतली नसती.

कुडचडे हार्डवेअर

भाई, तुमचं उत्तर मुलीने दोनदा वाचलं आणि मला मोठ्याने वाचून दाखवलं. मी त्या काळात कितीतरी लोकांना टोमणे मारताना ऐकलंय की टिपरवाल्यांनी पैसे उडवले. बऱ्याच जणांनी उडवले नव्हते, हप्ते भरले होते.

आता तिचा पुढचा प्रश्न, आणि माझाही. नोंद करूनच पैसा तयार होतो तर सरकारने किंवा रिझर्व्ह बँकेने सगळ्या टिपरवाल्यांच्या खात्यात तशीच एक नोंद का केली नाही? अडतं कुठे?

पेडण्याची बाई

मी उच्च माध्यमिकला अर्थशास्त्र शिकवते. म्हापशाच्या भाऊंची चिठ्ठी कळंगुटला का चालली नसती, तिथूनच सुरुवात करते. कोणाचाही शब्द पैसा होऊ शकतो, प्रश्न एवढाच की तो किती लांबपर्यंत मानला जातो. सरकारचा शब्द सगळ्यांत लांब जातो. का, याचं एक उत्तर क्नाप या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने १९०५ साली दिलं: सरकार ज्या गोष्टीत कर स्वीकारतं ती गोष्ट पैसा होते, कारण कर प्रत्येकालाच भरायचा असतो.

आपल्या गोव्याइतकं याचं चांगलं उदाहरण क्वचित सापडेल. पोर्तुगीज काळात इथे बँको नासिओनाल उल्त्रामारिनो या लिस्बनच्या बँकेच्या नोटा चालायच्या. आधी रुपिया होता, एका रुपियाच्या सोळा टांगा. १९५८-५९ मध्ये पोर्तुगीज सरकारने तो बदलून एस्कुदो आणला, एका रुपियाला सहा एस्कुदो. म्हणून नोटा ३०, ६०, ३००, ६०० अशा विचित्र आकड्यांच्या निघाल्या. साठाची नोट म्हणजे जुने दहा रुपिया. वर गोवा जिंकणाऱ्या आफोन्सो द आल्बुकेर्कचं चित्र. आमच्या आजोबांच्या पेटीत साठाची एक राहिली होती. लहानपणी मी ती हातात घेऊन बघायचे. कागद उत्तम, छपाई सुरेख. पण १९ डिसेंबर १९६१ला ते सरकार गेलं आणि थोड्याच काळात एस्कुदोची जागा भारतीय रुपयाने घेतली. कागद तोच राहिला, त्याच्यामागचा कर वसूल करणारा गेला.

याच बँकेत गोव्यातल्या कितीतरी घरांनी दागिने गहाण ठेवले होते. मुक्तीच्या आधी ते लिस्बनला नेले गेले आणि १९९१ साली, तीस वर्षांनी परत आले. काही घरांत सोडवायला आजी उरली नव्हती, नातवंडं गेली. ज्यांना वाटतं की खरा पैसा म्हणजे सोनं, त्यांनी हे दागिने डोळ्यांसमोर आणावेत. सोन्याची किंमत टिकली, वाढलीही, पण तीस वर्षं त्यातून एक शेर तांदूळ आणता आला नाही.

आता तुमचा प्रश्न, सरकार नोंद का करत नाही. करू शकतं. म्हणूनच तो हात कोण बांधणार हा प्रश्न शंभर वर्षांपासून चालू आहे. डॉ. आंबेडकरांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा १९२३चा प्रबंध मी दरवर्षी वर्गात समजावून सांगते. १८९३ मध्ये ब्रिटिश सरकारने लोकांनी आणलेल्या चांदीचे रुपये पाडून देणं बंद केलं आणि रुपया किती काढायचा हे सर्वस्वी सरकारच्या हाती गेलं. पुढे रुपयाचा दर सोन्याशी जोडलेल्या पौंडाशी बांधला गेला, तिला सुवर्ण विनिमय पद्धत म्हणतात. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ केन्सला १९१३ मध्ये ती पसंत होती. आंबेडकरांना नव्हती. त्यांचं म्हणणं असं की रुपयाचा पौंडाशी दर स्थिर राहिला म्हणून भागत नाही, बाजारात रुपयाला काय मिळतं ते स्थिर राहायला हवं, आणि चलन काढणाऱ्याच्या मर्जीवर मर्यादा नसेल तर गरिबाच्या मजुरीची किंमत कमी होत जाते. हे त्यांनी भारतीय चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगासमोरही मांडलं. मला त्यांची ही बाजू फार महत्त्वाची वाटते. नोंद करणं सोपं आहे, पण महागाई झाली तर ती नोंद ज्याच्या खात्यात झाली नाही त्यालाच भोगावी लागते.

फोंड्याचे भाई

बाईंनी फार मोलाचं लिहिलं. मर्यादा हवी, हे मला पूर्ण मान्य आहे. पण ती कशावर घालायची याबद्दल माझा थोडा वेगळा आग्रह आहे.

पैसा वाढला की महागाई होतेच असं नाही. तो कशाच्या मागे लागतो ते बघावं लागतं. २०१३ मध्ये कुडचड्यात गवंडी घरी बसले होते, वेल्डर घरी बसले होते, तुमच्या गोदामात पाइप पडून होते. तेव्हा टिपरवाल्यांचं कर्ज कमी करायला सरकारने पैसा घातला असता, आणि पुढे कर्जमाफीची योजना आणून काही प्रमाणात घातलाही, तर त्याने कशाचीही किंमत चढली नसती. पडून राहिलेली माणसं कामाला लागली असती. खाण सुरू झाली नसती हे खरं, लोहखनिज नोंदीतून निघत नाही. पण बाजार तरी धरून राहिला असता. अशा वेळी उशीर करणं मला अन्याय वाटतं आणि मी तो शाखेत बसून पाहिला आहे.

उलटं उदाहरण बार्देशात बघा. तिथे जमीन आहे तेवढीच आहे. दिल्ली-मुंबईच्या माणसाला त्याच्या गावच्या बँकेने घरासाठी कर्ज दिलं की नवी ठेव जन्मते, आणि ती हणजुण-आसगावच्या जुन्या घराच्या मागे लागते. घर तेच, भाट म्हणजे माडांची बाग तीच, किंमत मात्र अशी की त्याच वाड्यावरच्या शिक्षकाला दोन खोल्या घेता येत नाहीत. हाही बँकेने नोंद करून केलेलाच पैसा. यावर कोणी महागाई म्हणून ओरडत नाही, कारण प्लॉटचा भाव महागाईच्या निर्देशांकात धरलेला नसतो.

यातून गोव्याबद्दलची एक जुनी तक्रारही तपासता येते. आपल्या राज्यात बँकांतल्या ठेवींच्या मानाने दिलेली कर्जं देशाच्या सरासरीपेक्षा खूपच कमी, अनेक वर्षं. लोक म्हणतात, आमच्या ठेवी बाहेर नेऊन बाहेरच्यांना कर्ज देतात. मला ते नीट पटत नाही. त्यांतल्या पुष्कळ ठेवी बाहेरच्या कर्जातूनच जन्मलेल्या असतात, आणि घराच्या विक्रीतून, हॉटेलच्या बिलातून इथल्या खात्यात येऊन बसतात. तारवटी आणि आखातातल्या आपल्या माणसांचे पैसे वेगळे, ते परकी चलनातून येतात. माझी खरी तक्रार अशी की इथे कशासाठी पैसा जन्माला घालायचा हे ठरवणारा शाखेत बसलेला माणूस काजूच्या कारखान्याला, बागायतीला, तुमच्यासारख्या दुकानाला सहज हो म्हणत नाही. तारण जमीन असेल तर म्हणतो. मी कित्येक वेळा वर शिफारस पाठवली आणि ती तारण अपुरं म्हणून परत आली.

मुलीला सांगा, रिझर्व्ह बँक दर तिमाहीला जिल्हावार ठेवी आणि कर्जांचे आकडे देते. दक्षिण गोव्याचे २०११ पासून २०१५ पर्यंतचे काढावेत आणि शेजारी उत्तर गोव्याचे ठेवावेत. जिल्हा मोठा आहे, मडगाव आणि वास्कोमुळे कुडचड्याचं दुखणं त्यात झाकलं जाईल, म्हणून नुसत्या आकड्यांवर थांबू नये. ओळखीच्या टिपरमालकांची त्या वर्षांची पासबुकं मागून बघावीत. ट्रिपांच्या जमा कधी थांबल्या आणि हप्ते कधीपर्यंत जात राहिले, ते त्यात ओळीने दिसेल. प्रकल्पाचा गाभा तोच होईल.

कुडचडे हार्डवेअर

पासबुकं मिळतील, दोघांनी आत्ताच हो म्हटलंय. एक शेवटचं विचारतो भाई. आमच्या इथे बरेच व्यापारी पतसंस्थेत पिग्मी भरतात. मुलगी विचारते, बँकेतली ठेव आणि सोसायटीतली ठेव, दोन्ही सारखाच पैसा का?

फोंड्याचे भाई

नाही, आणि हे तिने प्रकल्पात जरूर घालावं. बँक कर्ज देते तेव्हा तिच्याच पुस्तकात नवी ठेव होते आणि ती ठेव देशभर पैसा म्हणून चालते. सोसायटी कर्ज देते तेव्हा तिला आपल्या बँकखात्यातून चेक काढावा लागतो, म्हणजे तिच्याकडे आधी तेवढी शिल्लक लागते. साखळीकरांनी सांगितलेला क्रम, आधी ठेव मग कर्ज, सोसायटीच्या बाबतीत बरोबर बसतो. बँकेत, मग ती सहकारी का असेना, प्रत्येक ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत विमा आहे, २०२०च्या फेब्रुवारीपासून. त्याआधी एक लाखच होता. पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमा नाही.

पिग्मी वाईट असं मी म्हणत नाही. रोज दारात येऊन शंभर-दोनशे नेणारा माणूस नसता तर कित्येक दुकानदारांची बचतच झाली नसती, आणि बँकेने नाकारलेल्यांना सोसायट्यांनीच उभं केलं आहे. फक्त वार्षिक सभेला जा, अहवालात थकबाकी किती आणि ऑडिटचा वर्ग कोणता ते वाचा, आणि मोठी रक्कम साठली की ती बँकेत हलवा. पिग्मीचं कार्ड दर महिन्याला कार्यालयात जाऊन खात्याशी ताडून बघा, नुसत्या एजंटच्या सहीवर राहू नका.